सध्या काय वाचताय? : एकाच घरातली दोन (किंवा तीन) आत्मचरित्रं

माजघर

‘सध्या काय वाचताय’ या धाग्यांवर आपण सगळेच पुस्तकांची नावं टाकतो आणि पुढे जातो. या वेळी जरा वेगळं करू या का? एकाच घरातल्या दोन माणसांनी आपापलं आयुष्य लिहिलंय, अशी पुस्तकं शोधून जोडीनं वाचू. नवऱ्याचं आणि बायकोचं, आईचं आणि मुलाचं, दोघी बहिणींचं. मराठीत आत्मचरित्रांची इतकी श्रीमंती आहे की अशा जोड्या सहज सापडतील.

सुरुवात मी करते. सध्या धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि आनंदीबाई कर्वे यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) आलटून पालटून वाचते आहे.

अण्णांचं, म्हणजे धोंडो केशवांचं, पुस्तक अगदी हिशेबी माणसाचं. गणिताचे प्राध्यापकच ते. मुरूडचं बालपण, पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या ते दुःख, मग पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी (म्हणजेच आनंदीबाईंशी) ११ मार्च १८९३ रोजी केलेला पुनर्विवाह, त्यानंतर मुरूडकरांचा बहिष्कार. एवढं सगळं सांगताना आवाज कुठे चढत नाही. स्वतःच्या उणिवाही ते वर्गणीच्या नोंदी कराव्यात तशा मांडतात.

मग बायांचं, म्हणजे आनंदीबाईंचं, पुस्तक हातात घेतलं. तेच घर, तीच वर्षं, पण इथे डब्यातलं पीठ संपलेलं दिसतं. अण्णांनी साठवलेले पैसे आश्रमाला दिले, विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला दिली. वाचणारा ‘केवढा त्याग’ म्हणतो. बाया विचारतात, उद्या काही झालं तर मी या मुलांना घेऊन कुठे जाऊ? दोन्ही खरं आहे. मला वाटतं एकच पुस्तक वाचलं असतं तर मी अर्ध्या घरात जाऊन परत आले असते.

तुमच्याकडे अशा कोणत्या जोड्या आहेत? जोडी नसली तरी चालेल, आत्मचरित्र कोणतं वाचताय ते लिहा, त्याचं दुसरं पुस्तक आपण मिळून शोधू.

डोंगरवाट

उत्तम धागा. मी दापोलीचा, त्यामुळे मुरूड आणि कर्वे हे आमच्याकडे घरातलेच विषय. ‘आत्मवृत्त’ शाळेत असताना वाचलं होतं. ‘माझे पुराण’ नावाचं काही आहे हे आज इथे कळतंय, याचं वाईट वाटलं. शाळेतल्या कोणीच कधी सांगितलं नाही.

एक विचारायचं होतं. बाया अण्णांवर रागावलेल्या दिसतात का पुस्तकात? आमच्याकडे त्यांची जी गोष्ट सांगतात त्यात त्या फक्त ‘साथ देणारी पत्नी’ असतात.

माजघर

डोंगरवाट, रागावतात, आणि उघडपणे रागावतात. तरी त्या रागात तुच्छता कुठे नाही. सगळ्यात जड जातो तो आश्रमाचा भाग. अण्णांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पण आश्रमात मुली पाठवणाऱ्या घरांना ‘इथे मुलींची लग्नं लावून देतात’ असं वाटू नये म्हणून पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम यांत अंतर ठेवावं लागलं. म्हणजे जिच्या लग्नामुळे अण्णांना बहिष्कार सोसावा लागला, तिलाच ती पुनर्विवाहित म्हणून आश्रमापासून दूर राहावं लागलं. अण्णा कॉलेज सुटल्यावर पायी पुण्याबाहेर हिंगण्याच्या आश्रमात जात, आणि बाया मुलांना घेऊन पुण्यात. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशीच पुन्हा उघडलं.

तळटीप

माजघर, तुमची जोडी खरं तर त्रिकूट आहे. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले. त्यांचं ‘माझी कहाणी’ (१९२८) घ्या. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा, मग हिंगण्याचा आश्रम. शिकून तिथेच काम करू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. पुढे हीच बाई १९१८ ते १९२० च्या सुमारास अमेरिकेत गेली. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली, भाषा शिकायची धडपड केली, आश्रमाची माहिती सांगत फिरली.

मला त्यातला केशवपनाबद्दलचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं विधवेच्या वेशात वावरलेली बाई केस वाढवायचं ठरवते, तेव्हा तिच्या मनात काय काय चालतं हे त्यांनी स्वतः लिहिलंय. सुधारकांच्या भाषणांत हा विषय मुद्दा म्हणून येतो. इथे तो स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून लिहिलेला आहे.

याचं इंग्रजी भाषांतर जस्टिन अ‍ॅबट यांनी १९३० मध्येच केलं होतं.

मुक्काम_डब्लिन

तळटीप, मनापासून आभार. माझी मुलगी इथेच वाढली. मराठी बोलते, वाचायला मात्र तिला वेळ लागतो. ‘माझी कहाणी’ इंग्रजीत आहे म्हटल्यावर लगेच शोधायला घेतलं. परक्या देशात भाषा येत नसताना घरकाम करणारी शंभर वर्षांपूर्वीची मराठी बाई तिला नक्की भेटायला हवी. कर्वे पती-पत्नींच्या पुस्तकांचंही काही इंग्रजीत आहे का?

तळटीप

डब्लिनकर, आहे. अण्णांचे चिरंजीव दि. धों. कर्वे यांनी अशा मराठी आत्मकथनांमधले भाग इंग्रजीत आणून १९६३ मध्ये ‘द न्यू ब्राह्मन्स’ हे पुस्तक काढलं, कॅलिफोर्निया विद्यापीठानं छापलं. त्यात त्यांच्या आईवडिलांचं दोघांचंही लेखन आहे. अण्णांनी स्वतः ‘लुकिंग बॅक’ (१९३६) हे इंग्रजीतही लिहिलं. पण मुलीला आधी बायांचंच द्या.

आणि दि. धों. म्हणजे लेखिका इरावतीबाई कर्वे यांचे यजमान. इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ मधला त्याच नावाचा लेख याच धाग्यावर हक्कानं यावा असा आहे. सभेत ओळख करून देताना त्या कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी हे सांगतात, आणि शेवटी रस्त्यावरची पोरं त्यांना आपल्या मित्राची आई म्हणून ओळखतात. लेख छोटा आहे, एका बैठकीत होतो.

सांजवेळ

नमस्कार मंडळी. आयुष्य वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं, त्यामुळे असा धागा दिसला की राहवत नाही.

हिंगण्याहून निघालाच आहात तर आणखी एक वाट दाखवते. शिरूर घोडनदीच्या अनंतराव खरे मास्तरांनी आपल्या मुलींना शिकायला हिंगण्याला ठेवलं. त्यातली एक बाळूताई, पुढे मालतीबाई बेडेकर, म्हणजेच १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून खळबळ उडवून देणाऱ्या विभावरी शिरूरकर. त्यांनी वडिलांवर ‘खरेमास्तर’ (१९५३) लिहिलं. मुलींना शिकवायचं म्हणून चारचौघांशी वैर घेणारा बाप, आणि शिकून मोठ्या झालेल्या मुली स्वतःची मतं मांडू लागल्यावर गोंधळून गेलेला तोच बाप. वडिलांबद्दल इतक्या प्रेमानं आणि इतकं स्पष्ट लिहिलेलं पुस्तक मराठीत मला दुसरं सापडलेलं नाही.

त्याची जोडी म्हणजे विश्राम बेडेकरांचं ‘एक झाड आणि दोन पक्षी’. बेडेकर मालतीबाईंचे पती. त्यांनी स्वतःचं आयुष्य तृतीयपुरुषी लिहिलंय, जणू लांबून एका माणसाकडे पाहताहेत. १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. जोडीनं वाचताना मी सारखी शोधत राहिले, की ज्या घरात एवढी मोठी लेखिका आहे त्या घरातला हा लेखक तिच्याकडे किती पाहतो. उत्तर प्रत्येकानं आपलं आपण काढावं.

अनुस्वार

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

जोडीनं वाचण्याची कल्पना आवडली, पण त्यातून ‘नवऱ्याचं पुस्तक खोटं, बायकोचं खरं’ असा निकाल लागायला नको. माजघर, तुम्ही तसं लिहिलेलं नाही, हे मान्य. पण डोंगरवाट यांचा प्रश्न वाचून वाटलं की आपण तिकडेच चाललोय. अण्णांच्या जागी उभं राहून पाहा. पुण्याबाहेर माळरानावर एक झोपडी, चार विधवा बायका, वर्गणी मिळेल की नाही माहीत नाही, आणि एका अफवेनं सगळं बंद पडेल अशी परिस्थिती. त्या माणसानं पत्नीला दूर ठेवलं यात निष्ठुरपणा होता, पण त्याच निष्ठुरपणामुळे ती संस्था टिकली. मला ‘आत्मवृत्त’ याच कारणासाठी मोठं वाटतं, की तो माणूस स्वतःला कुठेही देव करत नाही.

माजघर

अनुस्वार, राग कसला, मुद्दा बरोबर आहे. मी निकाल द्यायला बसलेली नाही. पण ‘त्यामुळे संस्था टिकली’ हे वाक्य मला पूर्ण वाटत नाही. ती टिकावी म्हणून किंमत मोजणारी दोन माणसं होती, आणि दुसऱ्या माणसाला विचारलेलं नव्हतं. बाया हेच तर सांगतात. आणि सांगताना त्या संस्थेसाठी स्वतःही वर्गण्या गोळा करत हिंडलेल्या आहेत.

कोयनाकाठ

धागा सुरेख चाललाय. एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. आत्तापर्यंत आलेली सगळी घरं जवळजवळ एकाच आळीतली आहेत. हिंगण्याच्या आश्रमाचं जगही बहुतांश ब्राह्मण विधवांचं. दुसऱ्या आळीत जाऊ या.

बेबी कांबळे, ‘जिणं आमुचं’. मी फलटणच्या जवळची, त्यामुळे हे पुस्तक मी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले. बेबीताईंचं बालपण वीरगावात गेलं. महारवाड्यातल्या बायकांचं जगणं, अंगात येणं, आषाढातले सण, बाळंतिणीचे हाल, मेलेल्या ढोराच्या मांसाचे वाटे, आणि मग बाबासाहेबांच्या भाषणांनी त्या वस्तीत पेटलेली जिद्द. हे लेखन आधी १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते प्रकाशात यावं म्हणून पाठपुरावा केला.

याची जोडी वेगळीच आहे. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या (२००८) शेवटी त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत आहे. पुस्तकात बेबीताई स्वतःच्या संसाराबद्दल फारसं बोलत नाहीत, वस्तीबद्दल बोलतात. मुलाखतीत विचारल्यावर सांगतात, की किराणा दुकानात बसल्या बसल्या पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद वाचत गेल्या, त्यातून लिहायला लागल्या, आणि लिहिलेलं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. मारहाणीबद्दलही त्या तिथेच बोलतात. मुलाखत वाचून मूळ पुस्तकाकडे परत गेले, तेव्हा प्रत्येक पानाआड ते लपवलेले कागद दिसायला लागले. एकाच बाईची ही दोन पुस्तकं म्हणा.

माझ्या वर्गातल्या मुलींना मी यातला काही भाग दरवर्षी वाचून दाखवते. वर्ग चिडीचूप असतो. नंतर एखादी मुलगी एकटी येऊन विचारते, हे पुस्तक घरी नेऊ का?

सांजवेळ

कोयनाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याला जोडून ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३). रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यातली आई, दिवसभर बांबूच्या पट्ट्या काढून टोपल्या-सुपं विणणारी. ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहिलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन भेटून. ‘आयदान’ मध्ये एक बाई स्वतःचं सांगते, ‘इतिहास’ मध्ये तीच बाई इतरांचं ऐकते. ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत.

डोंगरवाट

बाप-लेकाची जोडी सांगतो, तीही एकाच पुठ्ठ्यात. ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३). नरेंद्र जाधव यांच्या वडिलांनी निवृत्तीनंतर मुलांच्या आग्रहावरून आपल्या आठवणी लिहिल्या, आणि त्याच पुस्तकात पुढे मुलं आपलं सांगतात. नाशिकजवळच्या ओझरचं गाव आणि मुंबईतल्या वडाळ्याची वस्ती. शाळेची पायरी जेमतेम चढलेला माणूस ‘पोरांनी शिकलं पाहिजे’ एवढ्या एका गोष्टीवर सगळं आयुष्य लावतो. आमच्या घरात हे पुस्तक वडिलांनी, मी आणि आता भाच्यानं वाचलंय.

अनुस्वार

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) या धाग्यात बसतं असं मला वाटतं. तिथे एकाच माणसातले दोघे बोलतात. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. गावाकडचा, मुंबईतल्या कावाखान्यातला पोरगा आणि शिकलेला, नोकरी करणारा, कविता लिहिणारा माणूस समोरासमोर बसलेत. शिकलेला माणूस आपल्याच मागच्या आयुष्याकडे पाहताना लाजतो, आणि ती लाज लपवत नाही. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातलं दारिद्र्य लक्षात राहिलं होतं. यंदा वाचताना दगडू आणि दया यांच्यातलं अंतर जास्त टोचलं.

मुक्काम_डब्लिन

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ अजून कोणीच कसं सांगितलं नाही? मी दर हिवाळ्यात त्यातली काही प्रकरणं वाचते. इथे दुपारी चारला अंधार पडतो, आणि लक्ष्मीबाईंचा आवाज घरात असला की बरं वाटतं. सोवळ्याच्या वेडापायी सगळ्या घराला वेठीला धरणारे वडील, न सांगता घरातून निघून जाणारे त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, त्यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, मग हळूहळू स्वतःच्या मनाशी झगडत नवऱ्याकडे परत जाणं. इतकं सगळं सोसूनही ही बाई हसते आणि हसवते. शाळेत कधी न गेलेली बाई!

रेव्हरंड टिळकांनी आत्मचरित्र लिहिलेलं नाही, मग याची जोडी काय लावावी?

तळटीप

‘ख्रिस्तायन’ लावा. टिळकांनी आरंभलेलं ते महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, आणि त्यातला फार मोठा भाग त्यांचाच आहे. संसाराची गोष्ट ‘स्मृतिचित्रे’ त आहे आणि त्या संसारातलं राहिलेलं काम ‘ख्रिस्तायना’ त. सगळं वाचून होणार नाही, पण टिळकांचा हात संपून बाईंचा हात सुरू होतो ती जागा जरूर काढून पाहा.

‘स्मृतिचित्रे’ चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात आले, शेवटचा त्या गेल्यानंतर. घेताना आवृत्ती बघून घ्या, बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. संपूर्णच घ्या. मुलीसाठी शांता गोखले यांचं इंग्रजी भाषांतर (२०१७) आहे.

डोंगरवाट

जोडी नसलेलं एक सांगून ठेवतो, याला काय जोडता येईल ते बघा. धर्मानंद कोसंबी, ‘निवेदन’ (१९२४). गोव्यातल्या साखवाळचा तरुण, घरात बायको आणि तान्ही मुलगी, बुद्धाचं नाव कुठेतरी वाचतो आणि १८९९ मध्ये घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो, सिलोनात पाली शिकतो, पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथावर काम करायला जातो. वाचताना छाती भरून येते. पण आज हा धागा वाचल्यावर मनात आलं, त्या साखवाळच्या घरात मागे राहिलेल्या बाळाबाईंनी काही लिहिलं असतं तर?

माजघर

डोंगरवाट, हाच प्रश्न मला गेले काही दिवस छळतोय. न लिहिलेल्या पुस्तकांची यादी लिहिलेल्यांपेक्षा मोठी आहे. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) लिहिल्या म्हणून तरी न्यायमूर्तींच्या घरातल्या बायका इंग्रजी शिकणाऱ्या सुनेला कसं छळत होत्या ते कळलं. न्यायमूर्तींच्या भाषणांत ते कुठून येणार?

आता थोडं कामाचं. दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं, की ही जुनी पुस्तकं मिळतात कुठे. ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ दुकानात विचारली तर पुष्कळदा मान हलवतात. जुन्या नगर वाचनालयांत विचारा, ठाणे, पुणे, कोल्हापूर इथली ग्रंथालयं दीडशे-दोनशे वर्षांच्या घरातली आहेत आणि त्यांनी अशी पुस्तकं जपलेली असतात.

सांजवेळ

वाचनालयात विचारताना लेखिकेच्या नावानं विचारा, शीर्षकानं नको. जुन्या नोंदवह्यांत ‘चरित्र’ आणि ‘आत्मचरित्र’ यांची सरमिसळ असते, आणि बायकांची पुस्तकं कधीकधी नवऱ्याच्या चरित्रांत लावून ठेवलेली सापडतात. कपाटापर्यंत जाऊ देत असतील तर स्वतः जा.

तळटीप

आणखी एक. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, बाया १९५० मध्ये, पार्वतीबाई १९५५ मध्ये, अण्णा १९६२ मध्ये. म्हणजे या चौघांचं मूळ लेखन आता सगळ्यांसाठी खुलं आहे. नव्या प्रस्तावना, टिपा आणि भाषांतरं यांचे हक्क वेगळे असतात, तेवढं सांभाळायचं. कोणाकडे ‘माझी कहाणी’ ची जुनी प्रत असेल तर आपण ती टंकून विकिस्रोतावर चढवू शकतो. मी मुद्रितशोधन करीन.

कोयनाकाठ

तळटीप, माझ्याकडे प्रत नाही, पण टंकायला मी तयार आहे. शाळेतल्या दोन-तीन मुलींनाही विचारते, त्यांचं टंकलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे. पानं वाटून घेऊ.

मुक्काम_डब्लिन

मी वाचून ध्वनिमुद्रण करीन. माझ्या आईला आता अक्षरं दिसत नाहीत, तिला अशी पुस्तकं हवीच आहेत.

डोंगरवाट

पुढच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन कपाट बघून येतो. पुस्तक मिळालं तर पानांचे फोटो काढायची परवानगी आधी ग्रंथपालांकडून घेतो आणि इथेच कळवतो. तोवर ‘माझे पुराण’ कोणाकडे असेल तर मला पोस्टानं पाठवाल का? वाचून परत पाठवीन, जाण्या-येण्याचा खर्च माझा.

माजघर

डोंगरवाट, माझी प्रत शनिवारी टाकते. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या माझ्या आईच्या आहेत, खोडू नका.